गाडी मामांची, हिशोब आपला

आपल्याकडे गाडी मागून नेणं ही काही फार मोठी गोष्ट समजली जात नाही. साखरपुडा असतो, कुणाला डॉक्टरकडे न्यायचं असतं, गावची जत्रा असते, आपली गाडी नेमकी सर्व्हिसिंगला टाकलेली असते किंवा आपल्याकडे गाडीच नसते, मग फोन जातो की मामा, रविवारी गाडी मोकळी आहे का, आणि पलीकडून पुढचं काही न ऐकताच हो येतं. चावी देताना टायरमधली हवा बघून घे, रिव्हर्स जरा जड पडतो, फास्टॅगमध्ये पैसे आहेत, एवढं सांगितलं जातं. इन्शुरन्स चालू आहे का, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर) आहे का, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) किती आहे, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर निघायच्या वेळी हे काय अभद्र बोलतेस असं ऐकावं लागतं.

मला तर आता वाटतं की आधी तेच विचारावं. कारण दुसऱ्याच्या गाडीला काही झालं की सगळ्यांचं लक्ष त्या पोच्याकडे असतं, बिल किती येईल याकडे असतं, पण पोचा आठवड्याभरात निघतो. मालकाच्या पॉलिसीवर जे होतं ते पुढची पाच वर्षं दर रिन्युअलला भरावं लागतं. आणि मालक जर आपला नातेवाईक असेल तर तो भिडेपोटी त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. म्हणून हा हिशोब ज्यानं गाडी नेली त्यानं करायचा असतो.

आमच्या बाबतीत झालं ते अगदी किरकोळ. आईला घेऊन कराडला साखरपुड्याला गेले होते, परत येताना खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभी होते, गाडी थांबलेली, हँडब्रेक ओढलेला, आणि मागून कांद्याच्या गोण्या भरलेला छोटा टेम्पो येऊन टेकला. टेकला म्हणतेय पण आवाज मोठा झाला. मागचा बंपर डावीकडे फाटला, त्या बाजूचा टेललॅम्प फुटला आणि डिकीच्या दाराला खाली खोल पोचा आला. आईला काही लागलं नाही, मला नाही, टेम्पोवाल्याला तर नाहीच. विशीतला पोरगा होता तो, पार घाबरलेला. "ताई, ब्रेक दाबला हो, माल जास्तीय मागं, थांबलीच नाही गाडी," असं म्हणत खिशातल्या चुरगळलेल्या नोटा काढून पुढे करत होता.

त्या नोटा मी घेतल्या नाहीत. दया वगैरेचा भाग नंतर, पण तिथे उभ्या उभ्या पैसे घेऊन "आपलं मिटलं" असं बोलायचा किंवा कागदावर लिहून द्यायचा अधिकार मला नव्हता, गाडी माझी नव्हती. पॉलिसीत तशी अट पण असते, की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कुणाला कबुली, आश्वासन, तडजोड असं काही द्यायचं नाही. ती अट मुळात आपण समोरच्याला काही कबूल करू नये म्हणून आहे, पण समोरच्यावरचा आपला हक्क रस्त्यातच सोडून देणं हेही पुढे क्लेममध्ये आडवं येऊ शकतं. म्हणून फोटो काढले. दोन्ही गाड्या एका फोटोत येतील असा एक, दोन्ही नंबरप्लेट, मागे टोलनाक्याचा बोर्ड, त्या पोराचं लायसन्स, त्याच्या शेठचा नंबर, आणि एमपरिवहन ॲपवर टेम्पोचा नंबर टाकून त्याचा इन्शुरन्स चालू आहे हे बघून घेतलं. मागचे लोक हॉर्न वाजवत होते ते वाजवू दिले.

मग मामांना फोन. ते आधी एसटीत ड्रायव्हर होते. पहिलं विचारलं लागलं का कुणाला, मग आईला फोन दे म्हणाले, आणि मग लगेच, "खाली वाकून बघ काही गळतंय का. तेल, पाणी, काही पण. सायलेन्सर लोंबत नाही ना? चाकाला बंपर घासत नाही ना? मग हळू घेऊन ये." फाटलेला बंपर माझ्या ओढणीनं बांधून आम्ही पुण्यात आलो.

हे खाली वाकून बघणं किती महत्त्वाचं आहे ते मला नंतर पॉलिसी वाचताना कळलं. अपघातात जे तुटलं ते कंपनी देते, पण तुटलेलं असताना गाडी तशीच पुढे रेटली आणि त्यामुळे आणखी काही बिघडलं तर ते देत नाही. म्हणजे समजा दगडावर आदळून ऑइल चेंबर फुटला, तर चेंबरचे पैसे मिळतील. पण घरापर्यंत जाऊ कसंतरी म्हणून स्टार्ट मारला आणि ऑइलविना इंजिन जाम झालं, तर ते इंजिन आपल्या खिशातून, आणि इथे चेंबर काही हजारांचा तर इंजिन लाखाच्या घरात. वेगळा इंजिन प्रोटेक्ट कव्हर घेतला असेल तरच काही आशा. दुसऱ्याची गाडी असली की ती वेळेत परत पोचवायची घाई असते ना, तेव्हा माणूस हीच चूक करतो. काही गळताना दिसलं तर गाडी तिथेच ठेवून टोइंग बोलवावं, मालकाला रात्री अकराला फोन करावा लागला तरी चालेल.

आता कुणी म्हणेल की चूक टेम्पोची, मग पैसे टेम्पोच्या इन्शुरन्सनं द्यायचे. कायद्यानं बरोबर आहे. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे आणि त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान साडेसात लाखांपर्यंत धरलेलं असतं. पण ते मिळवायला पोलिसात नोंद, मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज, वकील, तारखा. कुणाला मोठी इजा झाली असेल तर तो रस्ता धरायलाच हवा, तिथे मागे हटू नये. वीसेक हजारांच्या बंपर-डिकीसाठी मात्र कुणी जात नाही, सगळे आपल्याच पॉलिसीतून ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा, क्लेम करतात. शेठनी दोनदा उद्या बघतो म्हणून सांगितलं आणि नंतर फोन उचलायचं बंद केलं. तो विषय तिथे संपला.

दुसऱ्या दिवशी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली, फक्त एस्टिमेट काढायला. आणि तिथे पहिला प्रश्न, गाडी कोणाच्या नावावर? मामांच्या. कोण चालवत होतं? मी. यावर तिथला माणूस अगदी सहज, मला मदत करतोय अशा सुरात म्हणाला की मॅडम, फॉर्मवर मालकच चालवत होते असं लिहा, लवकर पास होतं.

मला याचा खूप राग आला आणि अजून येतो, कारण हा सल्ला सर्रास दिला जातो आणि लोक तो ऐकतात. गरजच नाही त्याची! खासगी गाडीच्या पॉलिसीच्या सर्टिफिकेटवर ड्रायव्हर्स क्लॉज नावाचा एक परिच्छेद असतो, त्यात स्पष्ट असतं की मालकासह कुणीही व्यक्ती गाडी चालवू शकते, फक्त त्या वेळी तिच्याकडे चालू लायसन्स पाहिजे आणि ती लायसन्ससाठी अपात्र ठरलेली नसावी. भाची, शेजारी, ऑफिसमधला मित्र, कुणीही. गाडी भाड्यानं दिलेली नको, चालवणारा प्यायलेला नको. मालकाच्या परवानगीनं, चालू लायसन्सवर, शुद्धीत असलेल्या माणसानं चालवली की विषय संपला. म्हणजे खरं लिहिलं तर क्लेमला कसलाच धोका नाही आणि खोटं लिहिलं तर सगळा धोका आहे, टोलनाक्यावर कॅमेरे असतात, फोटो माझ्या फोनमधले असतात, सर्व्हेअरनं, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीनं नेमलेल्या माणसानं, साधे दोन प्रश्न विचारले तरी गोष्ट उसवते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे क्लेम फॉर्मवर सही मालकाची असते. खोटं माझ्या सोयीसाठी आणि त्याखाली सही मामांची, ज्यांनी आयुष्यभर लॉगशीटवर खरी वेळ लिहिली त्यांची. मी तिथेच सांगितलं, चालवत मी होते, लिहायचं झालं तर माझंच नाव लिहायचं.

क्लेम करायचा तर बाकी सगळं मालकाकडूनच जातं हेही तेव्हा नीट समजलं. इंटिमेशन (अपघाताची खबर) मालकानं द्यायची, ओटीपी त्याच्या मोबाइलवर येणार, आरसी, पॉलिसी, केवायसी, कॅन्सल्ड चेक त्याचा, फक्त लायसन्स माझं. सर्व्हेअर फोन करणार तो त्याला. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, फोनवर बारीक अक्षर दिसत नाही, आणि त्यांना मी ओटीपी विचारत बसणार. ज्यांनी गाडी दिली त्यांनाच आणखी कामाला लावायचं.

मामांचं म्हणणं मात्र एकच होतं. "अगं राहू दे, इन्शुरन्स कशाला काढतो मग आपण? क्लेम टाक, हक्काचा आहे."

मी एस्टिमेट आणि मामांची पॉलिसी घेऊन त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसले. गाडी सात वर्षांची, बाराशे सीसी पेट्रोल, झिरो डेप नाही कारण तो बहुतेक ठिकाणी पाच वर्षांनंतर सहजासहजी मिळत नाही. एस्टिमेट २३,००० च्या आसपास: नवीन बंपर ६,०००, टेललॅम्प ४,०००, डिकीच्या दाराचं डेंटिंग ५,००० आणि पेंटिंग ८,०००.

झिरो डेप नसेल तर कंपनी घसारा कापते. प्लास्टिक आणि रबरच्या भागांवर सरळ निम्मे, गाडी दोन महिन्यांची असली तरी निम्मे. म्हणजे बंपरचे ३,०००, लॅम्पचे २,०००. लोखंडी पार्ट नवा घातला असता तर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के कापले असते, पण दार बदलायचं नव्हतं, ठोकून सरळ करायचं होतं, आणि मजुरीवर घसारा नसतो, ते ५,००० पूर्ण. पेंटिंगच्या बिलातला पाव भाग रंगाचं मटेरियल धरतात आणि त्याचे निम्मे कापतात, म्हणजे ८,००० मधले १,००० गेले, राहिले ७,०००. बेरीज १७,०००. त्यातून सक्तीचा डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकानं स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, पंधराशे सीसीपर्यंत १,००० आणि त्यावरच्या गाड्यांना २,०००. हातात येणार १६,०००, खिशातून ७,०००. इथपर्यंत सगळ्यांना क्लेम बरा वाटतो, मामांनाही वाटला.

मग बोनस. नो क्लेम बोनस पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०, असा चढत जातो आणि तो फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीच्या नाही. एक क्लेम केला की पुढच्या रिन्युअलला सरळ शून्य. चूक कुणाची होती हे कुणी विचारत नाही. तुम्ही रांगेत हँडब्रेक ओढून उभ्या होतात आणि मागून कुणी ठोकलं, तरी शून्य. हा नियम मला अन्यायाचाच वाटतो, पण आहे असा आहे. मामांचा बोनस ४५ वर होता, येत्या रिन्युअलला ५० होणार होता. क्लेम केला तर ५० ऐवजी शून्य, पुढच्या वर्षी ५० ऐवजी २०, मग २५, ३५, ४५. फरक जोडत गेलं तर ५०, ३०, २५, १५ आणि ५, मिळून १२५ टक्के. म्हणजे बोनस वजा करायच्या आधीचा जो ओन डॅमेज प्रीमियम असतो त्याच्या सव्वापट. मामांचा तो ८,००० होता. सव्वापट म्हणजे १०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, ११,८००. गाडीची किंमत दरवर्षी उतरते तसा प्रीमियम उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी भरेल, पण आकडा साधारण याच घरातला.

आता खिशातले ७,००० आणि हे ११,८००, झाले १८,८००. आणि आमच्या भागातल्या गॅरेजवाल्यानं, जो हाच बंपर आतून वेल्ड करून, टेललॅम्प नवीन घालून, दार ठोकून रंग मारून द्यायला तयार होता, त्यानं सांगितलेले १३,०००. क्लेम म्हणजे फुकट काम असं ज्याला वाटतं त्यानं एकदा हे कागदावर मांडून बघावं, आणि यातले १८,८०० मधले ११,८०० मी कधीच भरले नसते हे पण बघावं. ते मामांच्या रिन्युअलमध्ये वर्षानुवर्षं थोडे थोडे गेले असते, मला कळलंही नसतं आणि त्यांनी सांगितलंही नसतं.

मामांनी कागद चष्मा लावून दोनदा वाचला, काही बोलले नाहीत. मामी बोलली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "दरवर्षी पॉलिसी आली की पहिलं ते बोनसचं पान उघडतात, मला दाखवतात, बघ म्हणतात या वर्षी पण काही नाही." एसटीत विनाअपघात सेवेचा सत्कार होतो ना, मामांचा झाला होता, तो फोटो त्याच खोलीत भिंतीवर आहे. निवृत्त झाल्यावर हा बोनस म्हणजे त्यांना दरवर्षी मिळणारा तोच बिल्ला होता. आणि तो ते माझ्यासाठी, राहू दे म्हणून, सहज काढून द्यायला निघाले होते.

पैशांवरून मग वाद झालाच. अर्धे तू अर्धे मी, नाही, मुळीच नको, तुझ्या आईला कळलं तर काय म्हणेल, वगैरे. मी वाद घातला नाही, सकाळी येऊन चावी घेतली, गाडी गॅरेजला लावली आणि पैसे तिथेच देऊन टाकले. नातेवाईकाच्या हातात पैसे ठेवायला गेलं की ते परत येतात, गॅरेजवाल्याच्या हातातले येत नाहीत. काम चांगलं झालं, रंगाचा जरा फरक उन्हात जवळून बघितलं तर दिसतो.

याचा अर्थ क्लेम करूच नये असा मुळीच नाही. बिल साठ-सत्तर हजारांवर गेलं असतं, लोखंडी पार्ट बदलायचे असते, किंवा बोनस आधीच शून्यावर असता, तर मी स्वतः मामांजवळ बसून फॉर्म भरला असता. झिरो डेप आणि एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम केला तरी नो क्लेम बोनस टिकवणारं कव्हर) दोन्ही असतील तरी गणित बदलतं. तेव्हा मात्र दुरुस्ती सुरू करायच्या आधी कंपनीला कळवायचं आणि सर्व्हे होऊ द्यायचा. कळवायला काही कारणानं उशीर झालाच तर फक्त त्या कारणावरून खरा क्लेम नाकारू नये असं विमा नियामक आयआरडीएआयनं २०११ सालीच कंपन्यांना सांगितलेलं आहे, त्यामुळे गॅरेजवर कुणी आता वेळ गेली म्हणालं तरी सोडून देऊ नये. नाकारलाच तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी, आणि तिथे नाही ऐकलं तर विमा लोकपाल, त्याचं ऑफिस पुण्यात पण आहे, मुंबईत पण आहे, फी नाही आणि वकील लागत नाही. पण अर्ज तिथेही पॉलिसी ज्याच्या नावावर त्याचाच.

हे सगळं वाचताना एक गोष्ट सापडली जिनं मला खरंच हादरवलं. गाडीचं नुकसान कोण देणार हे मी शोधत होते, पण गाडी चालवणाऱ्या माणसालाच काही झालं तर? पॉलिसीत १५ लाखांचा सक्तीचा अपघात कव्हर असतो तो मालक-चालकाचा, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर आहे त्यानं स्वतः चालवताना काही झालं तर. बाजूला बसलेल्या आईला पॅकेज पॉलिसीत (थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र असलेल्या) संरक्षण आहे. समोरच्या टेम्पोवाल्याला आहे. आणि स्टिअरिंगवर मी, जिच्या नावावर गाडी नाही.

सुप्रीम कोर्टात हे आलेलं आहे. २००९ मधलं एक प्रकरण कर्नाटकातलं, इलकलहून आपल्या गावी निघालेला माणूस, मोटारसायकल दुसऱ्याची मागून आणलेली, पुढे लोखंडी पत्रे घेऊन चाललेल्या बैलगाडीवर धडकून मरण पावला. कोर्टानं म्हटलं की गाडी मागून नेणारा मालकाच्या जागी येतो, त्यामुळे दोष न बघता भरपाई देणाऱ्या कलमाखाली त्याच्या घरच्यांना त्याच गाडीच्या विमा कंपनीकडून थर्ड पार्टी म्हणून मागता येणार नाही. २०२० मध्ये पुन्हा तसाच निकाल, पुन्हा उसनी मोटारसायकल, घरच्यांना पॉलिसीच्या करारातले एक लाख तेवढे मिळाले. दुसऱ्या गाडीची चूक असेल तर तिच्या विमा कंपनीवर दावा करता येतो, तो मार्ग उघडा असतो. पण रस्त्यात कुत्रं आडवं आलं, टायर फुटला, दुसरी गाडीच नसली, तर आपण कुणाकडे बोट दाखवणार?

आमच्या घरात तीन माणसांकडे लायसन्स आहे आणि गाडी एकच, ती पण नवऱ्याच्या नावावर. म्हणजे मी रोज घरची गाडी चालवते ती पण एका अर्थी दुसऱ्याचीच. मी त्या महिन्यात स्वतःच्या नावावर वेगळी पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी घेतली, जी कुठल्याही गाडीत असले, पायी असले, एसटीत असले तरी चालते. कॉलेजात असलेल्या भाच्याची पण घेतली, कारण तो मित्रांच्या बाइकवर सगळीकडे फिरतो आणि बाइक कुणाची हे त्याला कधीच माहीत नसतं.